पुन्हा पेरता येईल का?

जालन्यात बियाण्याची भाषा सगळ्यांना कळते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच महिको सुरू केली. संकरित बियाण्याचा व्यवहार साधा आहे: उतारा चांगला पडतो, पण त्याच पिकाचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर तसंच पीक येत नाही. दरवर्षी नवी पिशवी आणावी लागते. शेतकरी हे जाणूनच आणतो.

आम्ही तिघं इथे बसून सॉफ्टवेअर लिहितो. कामापुरता सर्व्हर हवा होता, तेव्हा पहिला प्रश्न पैशांचाच निघाला. क्लाउडचं दरमहा भाडं भरायचं, की जुना डेस्कटॉप आणायचा? मला मात्र खरा प्रश्न वेगळा वाटतो. देणाऱ्याने उद्या हात आखडला, तर आज वापरतोय ते आपल्याला पुन्हा पेरता येईल का?

'फुकट आहे' हे त्याचं उत्तर नाही. सेंटओएस ही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम फुकटच होती. तिची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत चालणार होती. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ती २०२१ अखेर बंद होईल. अनेकांची धावपळ झाली. पण कोड खुला होता, म्हणून २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभ्या राहिल्या. शब्द मोडला, तरी बी शिल्लक होतं.

म्हणून आम्ही सेकंडहँड डेस्कटॉप घेतला. १६ जीबी रॅम, एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन डिस्क, आणि लाइट जाते म्हणून यूपीएस. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून जाते, म्हणून बॅकअपची तिसरी डिस्क मी घरी ठेवतो. त्यावर डेबियन, पोस्टग्रेस आणि गिट. गिटमुळे कोडचा सगळा इतिहास तिघांच्याही लॅपटॉपवर असतो.

मालकीबरोबर राखणही येते. अपडेट, बॅकअप, उन्हाळ्यात तापणारी खोली, सगळं आपल्याच गळ्यात. ज्याला हे जमणार नाही त्याने क्लाउड घ्यावा, त्यात कमीपणा नाही. संकरित बी घेणारा शेतकरी काही गुलाम नसतो. फक्त आपला डेटा तिथून काढून दुसरीकडे चालवता येतो का, हे आधीच करून बघावं.

आणि राखलेलं बी शेजाऱ्याला द्यायची आपल्याकडे रीत आहे. डेबियन १९९३ पासून कितीतरी अनोळखी माणसं सांभाळत आली आहेत. त्यांचं देणं म्हणून सापडलेला बग कळवणं, मदतीचं एखादं पान मराठीत करणं, एवढं तर तुम्हाला-आम्हाला जमतंच.