दुपारचा सिनेमा

उन्हाळ्यात आमच्या बदनापूर तालुक्यात बाराच्या पुढं शेतात माणूस दिसत नाही. सकाळची कामं उरकलेली असतात आणि उन्हं उतरल्याशिवाय पुढची सुरू करता येत नाहीत. मधले तीन-चार तास घरात काढावेच लागतात. शेतकऱ्याच्या घरात सगळी माणसं एका खोलीत बसलेली एवढ्याच वेळात सापडतात.

गेल्या मे महिन्यात अशाच एका दुपारी आण्णा, माय आणि मी ‘टिंग्या’ पाहत बसलो होतो. दार लोटलेलं, कूलरमध्ये नुकतंच पाणी ओतलेलं, मायच्या पुढ्यात सुपात तूर. मंगेश हाडवळे यांचा हा सिनेमा २००८ साली आला. जुन्नरकडचं कर्जात रुतलेलं शेतकऱ्याचं घर, चितंग्या नावाचा बैल आणि त्याच्यावर जीव लावणारा टिंग्या. खड्ड्यात पडून चितंग्या अधू होतो. हंगाम तोंडावर, हातात पैसा नाही, म्हणून त्याला खाटकाला द्यायचं ठरतं. शेजारच्या रशिदाची नानी आजारी पडली तर तिला वाचवायला सगळे धडपडतात, मग माझ्या चितंग्याला का नाही, एवढंच पोराचं म्हणणं. टिंग्या झालेल्या शरद गोयेकरला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्या प्रश्नाला आमच्या खोलीतही उत्तर नव्हतं. मायचा हात सुपातच थांबला. खडा बोटात धरलेला, पण तो बाजूला टाकायचं तिला सुचत नव्हतं.

दुःखाची गोष्ट पाहून माणसाला बरं का वाटतं, यावर मराठीत पूर्वीच पुष्कळ विचार झाला आहे. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचणारा दुसऱ्याच्या अवस्थेत शिरतो, त्याच्याशी एकरूप होतो, पण आपण निराळे आहोत याचं भान त्याला राहतं. या दुहेरीपणातून आनंद होतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की माय उठते आणि गॅस बंद करून परत टिंग्याच्या घरी येऊन बसते. समाधी मोडत नाही आणि घरही सुटत नाही.

पण दुसऱ्याची म्हणून पाहायला बसलेली गोष्ट आपलीच निघाली तर? निराळेपणाचं ते भान मग कशाच्या आधारावर टिकायचं?

२०१२ च्या पावसाळ्यानं दगा दिला आणि २०१३ चा उन्हाळा आमच्या जिल्ह्यानं टँकरवर काढला. कूलरमध्ये पाणी ओतणं त्या वर्षी पाप वाटलं असतं. लेकरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी त्या तोडून सरपणाला लावल्या. आमचा सोन्या नावाचा लाल कंधारी बैल त्याच उन्हाळ्यात गेला. तो अधू नव्हता की म्हातारा नव्हता. त्याला घालायला कडबा नव्हता. व्यवहार सकाळीच झाला, दुपारी आण्णा टँकरच्या रांगेत होते, आणि घरात कुणी रडल्याचं मला आठवत नाही. मी बरीच वर्षं याला घट्टपणा समजत होतो. आता तसं वाटत नाही. रडायलाही सवड लागते, पाठ टेकायला भिंत लागते, आणि पुढचा हंडा कुठून आणायचा ही चिंता थोडा वेळ तरी बाजूला ठेवता यावी लागते. त्या उन्हाळ्यात यातलं काहीही आमच्याकडे नव्हतं.

म्हणून सिनेमा पाहून रडणाऱ्याला हळवा म्हणून मोडीत काढणारे मला आवडत नाहीत. त्या रडण्यात कधी कधी फार जुनं देणं फिटत असतं. थिएटरमध्ये अंधार असतो, तिथं डोळे पुसले तरी शेजारच्याला कळत नाही. घरात दुपारी फटींतून ऊन आत येतं आणि एकमेकांची तोंडं दिसतात. कुणीतरी पाणी प्यायचं निमित्त करून उठतं आणि माठापाशी जरा जास्तच वेळ थांबतं. बाकीचे तिकडं बघत नाहीत. घरातल्या माणसांनी एकमेकांना दिलेली ही मोकळीक मला फार मोलाची वाटते.

भवभूतीला हे ठाऊक होतं. आपलं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं असल्याचं सांगणारा हा नाटककार. त्याच्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्याच अंकात राम आणि सीता चित्रं पाहतात. वनवासातले प्रसंग रंगवलेले आहेत आणि लक्ष्मण एकेक दाखवतो आहे. संकट सरलेलं आहे, सगळे घरी सुखरूप आहेत, तरी चित्र पाहताना रामाचे डोळे भरून येतात. जे सोसलं ते धडपणे पाहायला त्यांनाही वनवास संपवून घरी यावं लागलं. केळकरांच्या उपपत्तीत मी एवढीच भर घालीन: निराळेपणाचं भान फक्त मी आणि तो यांच्यातल्या अंतरातून येत नाही. तेव्हाचा मी आणि आताचा मी यांच्यातल्या अंतरातूनही ते येतं.

सिनेमा अर्ध्यावर असताना लाईट गेली. कूलर घरघरत थांबला आणि एकदम बाहेरच्या होल्याचं घुमणं ऐकू यायला लागलं. कुणीच जागचं हललं नाही. बऱ्याच वेळानं आण्णा म्हणाले, “सोन्याबी असाच मागं वळून बघायचा.”

माय म्हणाली, “त्या दिवशी बघितलं का त्यानं?”

“मी बघितलंच नाही त्याच्याकडं.”

मग ते उठून गोठ्यात गेले. तिथं आता बैल नाही. फवारणीचा पंप आहे, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आहेत, आणि खुंटीला पोळ्याची झूल अजून टांगलेली आहे. ते तिथं किती वेळ होते कोण जाणे. लाईट आली, मी टीव्ही लावला आणि थांबलो होतो तिथून सिनेमा पुढं सुरू केला. आण्णा आत आले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, “जरा मागं घे.”