छत उघडणारे चौघे



मागच्या महिन्यात मिस्सानंतर एक भगिनी आम्हाला भेटली. तिच्या भावाला रक्ताचा कर्करोग आहे आणि डॉक्टरांनी जनुक-उपचाराचे नाव काढले आहे. तिने विचारले, "फादर, देवाने घडवलेल्या पेशीत माणसाने जनुक घालायचे, हे पाप तर नाही ना?"

हा उपचार दूरचा नाही. आपल्या पनवेल तालुक्यातील खारघरचे टाटांचे अ‍ॅक्ट्रेक आणि पवईचे आयआयटी यांच्या कामातून नेक्सकार-१९ तयार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली; ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचे लोकार्पण केले. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढतात, कर्करोगाची पेशी ओळखणारे जनुक त्यांत घालतात आणि त्या परत शरीरात सोडतात. सर्वच कर्करोगांवर हा चालत नाही, हेही सांगितले पाहिजे.

खरी अडचण असते ती वाटेची. जनुक आत जाणार कसे? येथे ते काम निरुपद्रवी केलेला विषाणू करतो. दुसरी वाट सुयांची आहे. संगणकाची चिप जशी कोरतात तशाच सिलिकॉनच्या सूक्ष्म सुया कोरता येतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी १९९८ साली अशा सुयांनी त्वचेत वाट करून दाखवली. मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढ्या या सुया त्वचेचा मृत थर ओलांडतात. दुखावे इतक्या खोल मात्र जात नाहीत. त्यांच्यावाटे जिवंत त्वचेत जनुके पोहोचवण्याचे प्रयोग झाले आहेत. आपल्या देशात ऑगस्ट २०२१ मध्ये मान्यता मिळालेली झायकोव्ह-डी ही कोविडची डीएनए लस तर सुईविनाच, द्रवाच्या बारीक झोताने त्वचेत जाते.

हे वाचताना संत मार्कच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती आम्हाला आठवला. दारात गर्दी होती म्हणून चौघांनी छप्पर उघडले आणि त्याला खाटेसकट प्रभूपुढे उतरवले. (घरमालक काय म्हणाला, ते मार्क सांगत नाही!) प्रभूने छप्पर मोडल्याबद्दल कोणाला दटावले नाही. त्याने त्यांचा विश्वास पाहिला.

म्हणून त्या भगिनीला आम्ही सांगितले, पाप नाही. व्हॅटिकनच्या २००८ सालच्या 'दिग्नितास पेर्सोने' या दस्तऐवजात ख्रिस्तसभेने रुग्णाच्या शरीरपेशींवरील जनुक-उपचार तत्त्वतः योग्य मानला आहे. मात्र रुग्णाची संमती हवी आणि धोका अवाजवी नको. बीजपेशींत बदल करण्यास तिचा विरोध आहे. तो बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते.

मग तिने दुसरा प्रश्न विचारला. "पैशांचे काय?"

परदेशात अशा उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात. येथे २०२४ साली सुमारे चाळीस लाख. शास्त्रज्ञांनी किंमत एवढी उतरवली ही मोठीच गोष्ट. पण तिचा भाऊ रिक्षा चालवतो. यावर आमच्याजवळ कुठलाही दस्तऐवज नव्हता.

खाट चौघांनी उचलली होती, एकट्याने नव्हे. विन्सेंट डी पॉल सोसायटीचे दोन सभासद सध्या तिच्याबरोबर बसून मदतीचे अर्ज भरत आहेत. रक्त देऊ शकणारे आणि रुग्णासोबत रात्री थांबू शकणारे यांची नावे आज मिस्सानंतर कार्यालयात लिहून घेत आहोत.