नशेची मुभा कोणी द्यावी?

चैत्राच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांत पहाटे मोह गळू लागतो, आणि गोंड, कोलाम, परधान घरांतील बायकामुले टोपल्या घेऊन तो वेचावयास रानात जातात. त्या फुलांपैकी काही वाळवून खाण्यासाठी ठेवतात, काही बाजारात विकली जातात आणि काहींची दारू गाळली जाते. आणि त्या दारूचे पहिले थेंब पेनाच्या, म्हणजे देवाच्या, व पूर्वजांच्या नावाने भूमीवर सोडल्यावाचून गोंडांच्या घरचे लग्न असो की मयताचा विधी, तो यथासांग झाला असे कोणी मानीत नाही. सरकारी दप्तराला हा भेद ठाऊक नाही. देवापुढे सांडलेला पेला आणि नाक्यावरच्या झोपडीत मजुराची दिवसभराची मजुरी गिळणारा पेला, दोन्ही १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली एकाच सदरात पडतात. ज्या वस्तूने एका हाती उपासना घडते आणि दुसऱ्या हाती संसार बुडतो, तिच्याविषयीचा विधिनिषेध ठरविण्याचा अधिकार मूलतः कोणाचा, व्यक्तीचा, धर्माचा, राज्याचा की गावाचा, हा प्रश्न वरकरणी अबकारीचा दिसला तरी माझ्या मते तो धर्मविचाराचा आहे, आणि त्याचा निकाल आपण आजवर फार उतावळेपणाने लावीत आलो आहोत.

मोहाच्या बाबतीत जो घोळ, तोच भांगेच्या झाडाच्या बाबतीत अधिक विचित्र रूपात दिसतो. १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्यांसंबंधीच्या केंद्रीय अधिनियमाने गांजाच्या व्याख्येतून पाने व बी वगळली, आणि शेंड्यांवरचा फुलोरा तेवढा गुन्ह्याचा विषय केला. परिणामी महाशिवरात्रीला पानांची भांग घोटणारा माणूस राज्याच्या परवान्याच्या कक्षेत राहतो, तर त्याच झाडाचा फुलोरा चिलमीत भरणारा गोसावी सहा महिन्यांच्या कैदेस पात्र ठरतो. वऱ्हाडातील घरोघरी ज्याचे पारायण होते त्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथात, जो दासगणूंनी १९३९ साली पुरा केला, काशीच्या एका गोसाव्याने गांजा अर्पण करण्याचा नवस केल्याची आणि गजानन महाराजांनी तो भक्ताच्या प्रेमापोटी फेडू दिल्याची कथा आहे. त्याचबरोबर महाराज स्वतः त्या वस्तूपासून अलिप्तच राहिले, हेही ग्रंथकाराने आवर्जून सांगितले आहे. त्या कथेत व्यसनाची शिफारस कोणी वाचीत नाही. अर्पण आणि आसक्ती यांतला फरक आपल्या लोकांना कळतो. तो कायद्याच्या कलमात कसा उतरवावा एवढेच आपल्याला साधलेले नाही.

युरोपातील एका लहान देशाने याच प्रश्नाकडे अलीकडे ज्या रीतीने पाहिले आहे, ती आपल्या विचारास उपकारक होईल. स्वित्झर्लंडने १५ मे २०२१ पासून अंमलात आलेल्या कायद्याने शहरांना व गावांना भांगेच्या नियंत्रित वाटपाचे मुदतबंद प्रयोग करण्याची मोकळीक दिली; २०२३ च्या आरंभी बाझेलला असा पहिला प्रयोग सुरू झाला, आणि त्याच वर्षी झुरिकमध्ये औषधविक्रेत्यांच्या जोडीने सभासदांच्या मंडळांनाही त्यात स्थान मिळाले. या मंडळांची रचना पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. सभासद प्रौढ असला पाहिजे. तो त्या प्रयोगाच्या गावचा रहिवासी असला पाहिजे. मिळालेला माल त्याने दुसऱ्यास देता कामा नये. जाहिरात करावयाची नाही. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी की जो मनुष्य आधीपासून ही वस्तू सेवन करीत आहे, त्यालाच आत प्रवेश. ज्याने कधी चव घेतली नाही त्याच्यासाठी हे दार उघडतच नाही.

ही शेवटची अट वाचताना मला पूर्वमीमांसेतील एका विचाराची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. मीमांसकांनी विधीचे तीन प्रकार कल्पिले. मनुष्याला जे अन्यथा कळलेच नसते ते सांगणारा तो अपूर्वविधी; अनेक मार्ग खुले असता त्यांतील एकच मार्ग नेमून देणारा तो नियमविधी; आणि ज्याकडे मनुष्य आपल्या वासनेनेच धावत असतो त्यातला काही भाग तेवढा अनुज्ञात करून उरलेल्यापासून त्याला मागे ओढणारा तो परिसंख्याविधी. हा तिसरा प्रकार बाहेरून परवानगीसारखा दिसतो, परंतु त्याचे हृदय निवृत्तीकडे असते. भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर एकनाथांनी आपली प्राकृत टीका लिहून १५७३ साली काशीत पूर्ण केली, हाच सिद्धांत मद्याला लावलेला आढळतो. स्त्रीसंग, मांस आणि मद्य यांची ओढ प्राण्याला उपजतच असते, त्यांसाठी शास्त्राने प्रेरणा देण्याचे प्रयोजनच नाही. विवाह, यज्ञ व सौत्रामणीतील सुराग्रह यांच्या मर्यादेत शास्त्राने त्यांना जी जागा दिली, ती त्या वासना आवरल्या जाव्यात म्हणून, असा त्या पाचव्या अध्यायातील उपदेशाचा भावार्थ आहे. या दृष्टीने पाहिले असता मुभा आणि संयम हे परस्परविरोधी राहत नाहीत. मुभेला काळ, स्थळ, प्रमाण व साक्षी यांचे कुंपण घातले की ती मुभाच संयमाचे साधन होते. गोंडांच्या विधीत मोहाचा पेला विधीच्या दिवशी, पेनासमोर, वडीलधाऱ्यांच्या देखत येतो. तीही परिसंख्याच आहे, मग ती कोणत्याही सूत्रात ग्रथित झालेली नसो.

आता या कसोटीवर सरकारी परवाना घासून पाहावा. परवान्याला काळ आहे, कारण दुकानाच्या वेळा ठरलेल्या असतात. त्याला स्थळही आहे. परंतु त्याच्या मुळाशी जो हेतू आहे तो महसुलाचा असल्यामुळे विक्री घटली तर दुकानदार आणि खजिना दोघेही दुःखी होतात. १८९३-९४ साली भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १,१९३ साक्षी घेऊन मर्यादित सेवनापासून फारशी हानी होत नाही, संपूर्ण बंदी अनावश्यक आहे, आणि कर व परवाने यांच्या योगे नियंत्रण ठेवावे असा निष्कर्ष काढला; त्यात लोकांच्या धार्मिक भावनेचा विचार होता हे खरे, पण त्या नियंत्रणाचा व्यवहार पुढे चालला तो मक्त्यांच्या आणि लिलावांच्या मार्गाने. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला तेव्हा या व्यवहाराचा नैतिक निषेध झाला, परंतु त्या निषेधाने विधीतला पेलाही त्याच झाडणीत झाडून टाकला. परवाना आणि बंदी ही दोन्ही एकाच हाताची दोन कामे आहेत. दोन्हींत ज्या माणसांच्या डोळ्यांसमोर पिणारा पितो, त्या माणसांचे मत विचारले जात नाही.

संविधानसभेत हा मुद्दा एका माणसाने स्पष्टपणे मांडला होता. १९४८ च्या नोव्हेंबरात दारूबंदीचे मार्गदर्शक तत्त्व चर्चेला आले असता, जे आज अनुच्छेद ४७ म्हणून संविधानात आहे, छोटा नागपूरचे जयपालसिंग मुंडा यांनी हे तत्त्व देशातील सर्वांत प्राचीन लोकांच्या धार्मिक हक्कांत हस्तक्षेप करते अशी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे बहुमताने बाजूस सारले गेले. त्या सभेतील थोरांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. दारूने गरिबांचे जे हाल होतात ते त्यांनी पाहिलेले होते. तथापि ज्याच्या देवाच्या नैवेद्यातच ती वस्तू आहे, त्याला तिचा त्याग बाहेरून लादणे आणि ज्याच्या देवळात ती नाही त्याला तो शिकविणे, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत.

एवढे लिहिल्यावर माझ्यापुढे जो सर्वांत मोठा आक्षेप उभा राहतो तो एखाद्या पंडिताचा नाही, तो यवतमाळ जिल्ह्यातील स्त्रियांचा आहे. संपूर्ण जिल्ह्यात दारूबंदी व्हावी म्हणून ‘स्वामिनी’ अभियानातील हजारो स्त्रिया वर्षानुवर्षे मोर्चे, धरणी व निवेदने यांनी सरकारदरबारी दाद मागत आल्या आहेत. शेजारचा वर्धा जिल्हा गांधी-विनोबांच्या वास्तव्यामुळे कोरडा राहिला, गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली, चंद्रपूरला ती स्त्रियांच्या दीर्घ लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली. मग आमच्याच जिल्ह्याने काय पाप केले, असा त्यांचा सवाल आहे. कापसाच्या पैशाची पुडी घरी पोहोचण्यापूर्वीच गुत्त्यात फुटते, हे ज्या बाईने पाहिले तिला परिसंख्याविधीची मीमांसा ऐकविणे क्रूरपणाचे होईल. तुकडोजी महाराजांनी आणि गाडगेबाबांनी याच वऱ्हाडात गावोगाव फिरून व्यसनाविरुद्ध जी झोड उठविली, ती याच बाईच्या बाजूने उठविली. तिचे म्हणणे मी प्रमाण मानतो, आणि म्हणूनच तिच्या हाती असलेल्या एका साधनाकडे वाचकांचे लक्ष वेधतो.

महाराष्ट्रात २००८ पासून अशी तरतूद आहे की गावातील वा प्रभागातील एक चतुर्थांश स्त्री-मतदारांनी मागणी केली म्हणजे दारूच्या दुकानाविषयी गुप्त मतदान घ्यावे लागते, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. उभी बाटली आणि आडवी बाटली ही चिन्हे आता निरक्षर म्हातारीलाही पाठ आहेत. या मतदानात जे घडते ते मला एका नव्या स्मृतीच्या जन्मासारखे वाटते: ज्यांना नशेची झळ प्रत्यक्ष लागते त्यांनीच तिची मर्यादा ठरवावी, हे धर्माचे तत्त्व येथे शिक्क्याच्या रूपाने उतरते. याउलट चंद्रपूरची बंदी २०२१ साली उठविताना मंत्रिमंडळाचा एक निर्णय पुरेसा झाला. जी मर्यादा वरून आली ती वरूनच गेली. गावाने स्वतः घातलेली मर्यादा मोडावयाची तर गावालाच पुन्हा बोलवावे लागते.

यापुढचे पाऊल कायद्यातच लिहिलेले आहे. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला कोणत्याही मादक पदार्थाची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा, त्यांचे नियमन करण्याचा किंवा ती मर्यादित करण्याचा अधिकार देतो, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. यवतमाळच्या दक्षिण-पूर्व पट्ट्यातील अनेक गावे व कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, या क्षेत्रात येतात. या पोडांना चावडीवर बसून आपला निवाडा आपण करण्याची जुनी सवय आहे. त्यांना सभा म्हणजे काय हे तालुक्याच्या कचेरीने शिकविण्याची आवश्यकता नाही. परंतु बंदी घालण्याचा अधिकार जितक्या सहजपणे मान्य होतो तितक्या सहजपणे नियमनाचा होत नाही. ग्रामसभेने दुकान नको म्हटले तर तिचे कौतुक. तिने विधीपुरता मोह गाळण्याचे दिवस, प्रमाण आणि जागा ठरविली तर मात्र भट्टीवर धाड. ज्याला ‘नाही’ म्हणण्याइतका विवेक आहे असे आपण मानतो, त्याला ‘इतकेच’ म्हणण्याइतका विवेक नाही असे कोणत्या न्यायाने मानावे?

यात एक धोका आहे आणि तो मी लपवू इच्छित नाही. गाव म्हणजे सर्वसाधुत्वाचा पुतळा नव्हे. बलवानांची सभा दुर्बलांच्या नावाने ठराव करते, आणि विधीच्या आडून रोजचे पिणे शिरते. म्हणून असा ठराव होताना स्त्रियांचे मत स्वतंत्रपणे मोजले जावे, त्यांच्या निम्म्याहून अधिक संमतीवाचून तो निरर्थक समजला जावा, विधीतल्या दारूची विक्री पूर्णपणे निषिद्ध असावी, आणि ज्याला प्यावयाचे नाही त्याने पाण्याचे अर्घ्य दिले तरी त्याचा विधी पुरा मानला जावा. या अटींवाचून गावाच्या हाती दिलेली मुभा मला मान्य नाही.

गांजाच्या बाबतीत ग्रामसभेला इतकेही करता येणार नाही, कारण तो विषय केंद्रीय कायद्याचा आहे. पण डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थविषयक आयोगात भांगेला अतिकठोर यादीतून काढण्याच्या बाजूने मत देणाऱ्या देशांत भारतही होता, हे लक्षात घेतले तर दिल्लीतला विचार अगदी गोठलेला आहे असे म्हणता येत नाही. पान ग्राह्य आणि फूल दंडनीय, हा भेद वनस्पतिशास्त्राला मानवेल, धर्मबुद्धीला मानवत नाही. जो सेवन करतो, विकीत नाही, त्याला कैदेत टाकण्यापेक्षा त्याच्या गावासमोर, मोजून मापून, नफ्यावाचून चालणाऱ्या बंदिस्त मंडळात बसविणे अधिक न्याय्य होईल. मात्र ते मंडळही त्याच स्त्रियांच्या मताला बांधील असले पाहिजे.

तोवर जे आज शक्य आहे ते तरी करावे. यवतमाळच्या जिल्हाधिकाऱ्यांनी व अबकारी खात्याने पेसा गावांतील ग्रामसभांना या अधिकाराची माहिती त्यांच्या बोलीत, चैत्रापूर्वी, चावडीवर जाऊन द्यावी. आणि ‘स्वामिनी’च्या भगिनींनी, ज्यांनी बाटली आडवी करण्याचे शिक्षण जिल्ह्याला दिले, त्यांनीच त्या सभांत पहिल्या रांगेत बसावे, ही माझी त्यांना विनंती आहे.