काठ आणि होडी यांच्यामधलं पाऊल

थंडी सुरू झाली की पुण्या-मुंबईच्या गाड्या भिगवणकडे वळतात. कुंभारगाव, डिकसळच्या काठानं उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरलेले असतात आणि ते जवळून दाखवायला इथले मच्छीमार होड्या काढतात. घरातली सगळी होडीत चढतात. गुडघ्यांनी दगा दिलेली आजी किंवा काठी टेकत चालणारे काका मात्र गाडीतच बसून राहतात. ‘तुम्ही या जाऊन, मी इथंच बरी’ हे त्यांचं वाक्य आपण समजूतदारपणा म्हणून ऐकतो. मला त्यात माघार ऐकू येते. चिखलाचा उतार, हलणारी होडी, तिची उंच कड, आत बसायला फळी. एवढं सगळं डोळ्यांनी मोजून त्यांनी आधीच हार मानलेली असते.

हा प्रश्न फक्त गरीब काठांचा आहे असं समजू नये. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझवर आता मराठी कुटुंबंही आईवडिलांना घेऊन जाऊ लागली आहेत. मोठ्या क्रूझ जहाजांवर लिफ्ट असतात, रुंद दारांच्या आणि उंबरठा नसलेल्या न्हाणीघरांच्या थोड्या केबिनही असतात. पण बंदर उथळ असेल तर जहाज बाहेरच नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. समुद्र जरा हलत असला की व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला ‘आज उतरता येणार नाही’ असं सांगितलं जातं. जहाज कितीही मोठं असो, अडतं ते कुंभारगावात अडतं तिथंच: काठ आणि बोट यांच्यामधल्या एका पावलावर. जहाजांवरच्या सोयीही आपोआप आल्या नाहीत: परक्या देशाचा झेंडा लावलेल्या जहाजांनाही अमेरिकी पाण्यात असताना तिथला अपंगांच्या हक्कांचा कायदा लागू होऊ शकतो, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला 2005 मध्ये निकाल देऊन सांगावं लागलं.

उजनीवरची अडचण खरी आहे, हे मान्य करायला हवं. हे धरणाचं पाणी आहे. पावसाळ्याअखेर ते शेतांच्या बांधाला लागतं आणि उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून उजनी ‘मायनस’मध्ये जाते. 2024 च्या उन्हाळ्यात ती वजा 50 टक्क्यांच्याही खाली गेली होती. आज जिथं होडी लागते तिथं काही महिन्यांनी भेगाळलेला गाळ असतो. अशा ठिकाणी सिमेंटचा पक्का धक्का बांधला तर तो वर्षातला बराच काळ कोरड्यात उभा राहील. पण पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का आणि त्याला बिजागरीनं जोडलेला, कठडे असलेला रुंद पूल ही काही अद्भुत गोष्ट नाही. पणजीत मांडवीवर तरंगते धक्के आहेत. पाणी मागे सरलं की धक्का पुढे ओढून न्यायचा. हे पाणी ज्यांच्या रोजच्या सरावाचं आहे त्या मच्छीमारांना विचारलं, तर कुठं ओढायचा हे तेच सांगतील.

‘आम्ही उचलून बसवतो की’ असं उत्तर काठावर हमखास मिळतं आणि ते मनापासून दिलेलं असतं. आपला मुलूख या बाबतीत कोरडा नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला नीरेच्या काठी पोचते, तेव्हा कुबड्या घेतलेला वारकरीही दिंडीत चालतो. त्याला मागायची वेळ येत नाही, कारण तिथं एकमेकांना हात देणं हा चालण्याचाच भाग असतो. एरवीच्या दिवसांत मात्र प्रत्येक पायरीला कुणाला तरी हाक मारावी लागते. अनोळखी माणसाच्या हातात आपलं शरीर द्यावं लागतं. बायकांना ते किती जड जातं, हे उचलणाऱ्या पुरुषांच्या ध्यानातही येत नाही. मग माणूस जाणंच सोडतो. तो आला नाही की आपण म्हणतो, ‘असे प्रवासी येतच नाहीत, मग सोय कुणासाठी करायची?’

एसटीचंही तेच. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे, 65 ते 75 वयाच्यांना निम्मं तिकीट. सवलत मोलाची आहे, तिनं कितीतरी म्हाताऱ्यांना लेकीच्या गावी नेलं. पण साध्या लालपरीची पहिली पायरी होती तिथंच, गुडघ्याच्या उंचीवर, राहिली. बारामतीला 2024 मध्ये नवं, देखणं बसस्थानक झालं. स्थानक कितीही सपाट केलं तरी फलाट आणि बसचा दरवाजा यांच्यामधली उंची तशीच असेल, तर व्हीलचेअरवरचा माणूस फलाटापर्यंतच पोचतो. तिकिटाचे पैसे सोडणं सरकारला सोपं जातं. पायरी खाली आणायला बस वेगळी बांधून घ्यावी लागते.

कायदा मात्र स्पष्ट आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा वाहतुकीची सगळी साधनं सुगम करायला सांगतो, आणि शक्य व सुरक्षित असेल तिथं जुन्या साधनांतही बदल करायला सांगतो. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुगमतेचे निकष शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा, असं केंद्राला बजावलं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. वयानं थकलेले, पडून खुबा मोडलेले, अर्धांगातून सावरणारे असे सगळेच काही त्यात धरलेले नसतील.

होडीचं नाव काढलं की 21 मे 2024 ची संध्याकाळ आठवल्यावाचून राहत नाही. करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी प्रवासी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं उलटली आणि सहा जण बुडाले. धडधाकट माणसांनाही हे पाणी माफ करत नाही. लाइफ जॅकेट, प्रवाशांची मर्यादा, वारा सुटला की फेरी बंद, हे आधी हवं. ज्याला पोहता येत नाही, चटकन उठता येत नाही, त्याच्यासाठी सुरक्षितता आणि सुगमता या दोन वेगळ्या मागण्या नाहीत.

येत्या हंगामाआधी कुंभारगावला एक तरंगता धक्का, रुंद पूल आणि पाठ टेकायची बैठक असलेली, व्हीलचेअर घट्ट बांधता येईल अशी एक रुंद होडी एवढं तरी व्हावं. पर्यटन आणि जलसंपदा या दोन्ही खात्यांनी ते मच्छीमारांच्या साथीनं करावं. आराखडा मंजूर करण्याआधी तालुक्यातल्या काही दिव्यांगांना आणि म्हाताऱ्यांना काठावर बोलवावं, त्यांना त्यावरून चढू-उतरू द्यावं, आणि ते नको म्हणाले तर आराखडा बदलावा.