पुलाची दुरुस्ती पाण्याखालून सुरू होते

पूर ओसरला की दगडी पुलाचे नुकसान आपण वरून मोजू लागतो. कठडे कुठे तुटले, डांबर किती उखडले, कमानीचे किती दगड निखळले, एवढे डोळ्यांना दिसते आणि त्याचेच अंदाजपत्रक तयार होते. पण पुरात दगडी पूल बहुधा पायातून खचतो. दुरुस्तीचा विचार नदीच्या तळापासून झाला नाही, तर वरचा सारा खर्च रंगरंगोटीत जमा होतो.

पनवेलजवळच्या खांदेश्वरमध्ये राहणाऱ्यांना हा विषय परका नाही. इथल्या असंख्य कुटुंबांची गावे कोकणात आहेत आणि गावाची वाट पनवेलहून मुंबई–गोवा महामार्गाने जाते. त्या वाटेवर महाडजवळ सावित्री नदीवर १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, नदीला पूर असताना, तो कोसळला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या एसटीच्या दोन गाड्या आणि एक खासगी मोटार अंधारात नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसे दगावली. शेजारी नवा पूल उभा असूनही जुन्यावरून एका दिशेची वाहतूक सुरू होती. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तीत धोका आढळला नव्हता, असे सरकारने नंतर सांगितले.

मे महिन्यातली पाहणी एकटी पुरेशी का नसते, हे नदीच्या वागण्यातून कळते. पुराचे पाणी खांबाला धडकले की खाली वळते, भोवरे धरते आणि पायाभोवतीची वाळू-माती उपसून नेते. पाण्याचा जोर सरला की त्याच खड्ड्यात सैल गाळ येऊन बसतो. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला तळ सपाट आणि भरलेला दिसतो, पण त्या भरावाला पुलाचा भार पेलण्याची ताकद नसते. त्यातच खांबाजवळ वाळूउपसा झालेला असेल, तर पाया पुरापूर्वीच उघडा पडलेला असतो. कमानीचे सारे बळ तिची दोन्ही टोके जागच्या जागी राहण्यात असते. एक खांब थोडा जरी खचला, तरी शेजारच्या कमानींचा आधार सुटतो.

म्हणून दुरुस्तीचा क्रमही तसाच हवा. आधी पाणबुड्यांकडून पायाची तपासणी, पोकळ्या भरणे, खांबांभोवती वजनदार दगडांची भर; मग खांब आणि कमानी; कठडे सर्वांत शेवटी. दरजा भरताना जुन्या चुन्याच्या कामावर सिमेंट थापण्याचा मोह आवरायला हवा. चुना थोडी हालचाल सोसतो, आतली ओल बाहेर जाऊ देतो. कडक सिमेंट ती ओल कोंडते आणि पुढे दगडच फुटू लागतो. भेगांत उगवलेला पिंपळ आणि पाणी निघून जाण्याची बुजलेली भोके यांकडे दरवर्षी लक्ष दिले, तर मोठे काम पुष्कळदा टळते.

पुराने मोडलेला पूल पुन्हा उभा करता येतो का? इंग्लंडमधल्या टॅडकास्टर गावचा जुना दगडी पूल डिसेंबर २०१५ च्या पुरात अर्धवट कोसळला. तो दगडातच पुन्हा बांधून फेब्रुवारी २०१७ मध्ये खुला केला गेला. डिसेंबर २०१५ मध्येच पूली ब्रिज या गावचा १७६४ सालचा पूल मात्र पूर्ण वाहून गेला आणि तिथे पुढे पोलादी पूल आला. जे उरले आहे ते सांभाळावे, जे गेले तिथे प्रामाणिकपणे नवे बांधावे, असा विवेक या दोन निर्णयांत दिसतो. महाडलाही कोसळलेल्या पुलाच्या जागी नवा पूल बांधणे योग्यच होते. तो १६५ दिवसांत झाला आणि ५ जून २०१७ रोजी खुला झाला. म्हणजे पैसा, यंत्रे आणि इच्छा तिन्ही आपल्याकडे आहेत. ती माणसे गेल्यावरच जागी होतात, हे खरे दुखणे आहे.

जुने पूल पाडून टाकावेत, असे काही जण म्हणतात. शेकडो गावांचे रोजचे येणे-जाणे ज्या पुलांवर आहे, ते एका फटक्यात बदलता येणार नाहीत, आणि शंभर वर्षे उभे राहिलेले चांगले बांधकाम सरसकट पाडणे हा शहाणपणाही नव्हे. जड वाहने नव्या पुलावर न्यावीत, जुना पादचाऱ्यांसाठी आणि हलक्या वाहनांसाठी ठेवावा, आणि ठरलेल्या पातळीला पाणी पोहोचताच तो कोणाच्याही आदेशाची वाट न पाहता बंद व्हावा.

सांगलीत कृष्णेला पूर आला की सारे शहर १९२९ सालच्या आयर्विन पुलाजवळची पातळी विचारते. २०१९ मध्ये ती ५७ फुटांवर गेली, हा आकडा तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. पुलावरून पाण्याची उंची मोजण्याची सवय आपल्याला आहे. पुलाखालच्या तळाची खोली मोजण्याची नाही. राज्यातल्या प्रत्येक जुन्या पुलाच्या खांबांशी नदीचा तळ किती खोल आहे, हे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजून, जबाबदार अभियंत्याच्या सहीने पुलावरच जाहीर व्हावे. ज्याच्यावरून जीव मुठीत धरून जायचे, त्या पुलाचा पाया किती शाबूत आहे हे जाणण्याचा हक्क प्रवाशाला आहे, आणि तो मागणे हे आपले काम आहे.