सुट्टी आणि सण

सुट्टी वेगळी आणि सण वेगळा, हे मला शारजातल्या एका खोलीत कळलं. खोलीत आम्ही सहा जण. मी पोलादपूरकडच्या डोंगरातल्या वाडीचा आणि समोरच्या कॉटवरचा सोबती महाडजवळ सावित्रीकाठच्या गावचा, मुसलमान. गणपती आले की माझं तोंड उतरायचं. चतुर्थी म्हणजे तिथे कामाचा दिवस, पहाटे पाचला कंपनीची गाडी दारात उभी. मला वाटायचं, याचं बरं आहे, याच्या सणाला अख्ख्या देशाला सुट्टी.

मग पहिली ईद आली. ईदची नमाज पढून तो परतला, अंगात नवा कुर्ता, कानात अत्तराचा फाया. साडेसात वाजले असतील. कार्ड खरवडून त्याने घरी फोन लावला, दोन-चार मिनिटं बोलला आणि कॉटवर बसून राहिला. गावाकडे चंद्र दिसायचा होता, घरी अजून रोजाच चालू होता. त्याची ईद झाली होती, पण त्याला ईद मुबारक म्हणायला घरात कुणाचीच ईद झालेली नव्हती. थोड्या वेळाने उठला, कुर्ता काढला, घडी घालून बॅगेत ठेवला. पुढची सुट्टी त्याने झोपून काढली.

तेव्हापासून मी त्याच्या सुट्टीचा हेवा करणं सोडलं. सुट्टी सरकार देतं, कंपनी देते. सण देतात ती माणसं, ज्यांचा आपल्यावर हक्क असतो. आरतीला का आला नाहीस म्हणून रागावणारं, यंदा नैवेद्याची पाळी तुझी आहे म्हणून बजावणारं कुणी असेल, तर कामाच्या दिवशीही रात्री दहाला सण होतो. तसं कुणी नसेल तर तीन दिवसांची सुट्टीसुद्धा अंगावर येते. परदेशात आपण रुळलो की नाही, हे पगारावरून किंवा तिथली भाषा किती आली यावरून ठरत नाही. सणाच्या दिवशी आपल्यावाचून तिथल्या कुणाचं अडतं का, एवढंच बघावं.

आमचं अडायला लागलं २००५ साली. मुसलमानी वर्ष निव्वळ चांद्र, त्यामुळे ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. आपल्याकडे अधिक महिना ती तूट भरून काढतो, म्हणून दिवाळी ऋतू सोडत नाही. त्या वर्षी दोन्ही पंचांगं एकमेकांना भेटली. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि तिथली ईद ३ला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कामावरून येऊन मी करंज्या तळायला बसलो. सारण कोरडं झालं होतं, करंज्या तेलात फुटत होत्या. त्याने सारणाचा वाडगा माझ्या हातातून घेतला, दुधाचा हबका मारला आणि कडा दाबून मुरड घालून दाखवली. त्याची आई दर वर्षी ईदला करंज्या करते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी शिरखुर्म्याची खारीक मी चिरली. खोलीतले बाकीचे चौघे केरळ आणि बिहारचे. त्यांनीही पानं मांडली, भांडी घासली. पुढे २००६ मध्येही दिवाळी-ईद एकाच आठवड्यात आली. मग ईद उन्हाळ्याकडे सरकत गेली, पण खारीक चिरायचं काम माझ्याकडेच राहिलं. एका वर्षी मला ताप होता, तरी त्याने पाटी-सुरी आणून माझ्या उशाशी ठेवली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, मी या गावात राहतो.

परक्या ठिकाणी माणसं जोडायची ही विद्या आम्हाला शारजाने शिकवली नाही. ती आमच्या आज्यापणज्यांनी मुंबईत कमावली होती. डोंगरउतारावरची नाचणी-वरी वर्षभर पुरत नव्हती, म्हणून महाड-पोलादपूरचा बापया पिढ्यान्‌पिढ्या गिरणीत गेला. गिरणगावात गावाची खोली असायची. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं. पाळी बदलली की वळकटी उलगडणारा बदलायचा. त्या खोलीत भजन होतं, वर्गणी होती, भांडणं होती आणि गावच्या देवळाचा, शाळेचा हिशेबही होता. मुंबई तेव्हा आम्हाला परदेशच होती. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, तो गिरण्याच घेऊन बुडाला आणि त्या खोल्यांचा कणा मोडला. पण अनोळखी ठिकाणी आपलं माणूस कसं जोडायचं, हे अंगात मुरलेलं होतं. बाडबिस्तऱ्यासोबत तेही आखातात गेलं. कोकणी माणूस परमुलखात टिकतो तो चिवट असतो म्हणून, असं म्हणतात. मला ते पटत नाही. तो टिकतो कारण पहिल्या आठवड्यातच तो कुणाच्या तरी आरतीच्या यादीत जाऊन बसतो.

आमच्याही आधी कोकणातले मजूर करारावर मॉरिशसला गेले. तिथल्या मळ्यांत भारतीय करारमजूर १८३४ पासून पोहोचू लागले. उसाच्या मळ्यात त्यांना गणपतीची रजा कोण देणार होतं? त्यांनी सण धरून ठेवला, आपला जाखडीचा नाचही ठेवला. तिथे त्याला झाकरी म्हणतात. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. सण आधी रुजला, सुट्टी कितीतरी नंतर आली.

एवढं सगळं परमुलखाबद्दल झालं. आपण ज्या घराला कुलूप लावून गेलो, त्या घराच्या सणाचं काय, हे मला फार उशिरा सुचलं. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदैवताची पालखी घरोघर फिरते. अंगण सारवलेलं असतं, पालखी दारात येते, देवीची ओटी भरतात, नारळ फुटतो, गाऱ्हाणं घातलं जातं. त्या गाऱ्हाण्यात चाकरीसाठी बाहेर गेलेल्यांना सांभाळ म्हणून मागणं असतंच. म्हणजे जो हजर नाही, त्याचीही देवीपुढे हजेरी लागते. मी अकरा वर्षं बाहेर होतो. परत आलो तेव्हा कळलं, पालखी एकदाही आमच्या बंद दारावरून तशीच पुढे गेलेली नाही. शेजारची काकी दर वर्षी आमचं अंगण शेणाने सारवून ठेवायची आणि आमच्या नावाने ओटी भरायची. मी विचारलं, काकी, तुम्ही कधी बोलला नाहीत. त्या म्हणाल्या, "देवी दारात आल्यावर काय कुलूप दाखवायचं तिला?"

काकी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. गुडघे धरतात. आमच्या वाडीत निम्म्याहून जास्त घरांना वर्षभर कुलूप असतं आणि अशी अंगणं आता त्यांच्याकडे चार झाली आहेत. तरुण मुलं मुंबई-पुण्याला, काही दुबईला, काही त्याच्याही पलीकडे. त्यांनी तिथे सण मांडावा, शेजाऱ्याच्या सणात राबावं, तिथलं व्हावं. त्यात मला काहीच वावगं दिसत नाही. मी तेच केलं.

पण यंदा शिमग्याला येता येणार नसेल, तर पालखी निघायच्या आधी गावाला एक फोन करा. पैसे पाठवतो म्हणू नका, ते तुम्ही पाठवताच. एवढंच विचारा की आमच्या दारातला नारळ यंदा कोण फोडणार आहे, आणि जे नाव सांगतील त्या माणसाशी दोन शब्द बोला.