दुखत नाही, मग तपासायचे कशाला?



"काही दुखत नाही, मग तपासायचे कशाला? देव राखील," असे आपण सहज म्हणतो. ही खरोखर श्रद्धा आहे का?

आपल्याच मराठवाड्याकडे पाहू. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास सुरू झाला. स्त्रिया ३० ते ५९ वयाच्या, वरवर निरोगी. एका गटातील सुमारे ३४ हजार जणींसाठी एकदाच एचपीव्ही तपासणी ठेवली. दुसऱ्या गटातील सुमारे ३१ हजार जणींना नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. आठ वर्षांत या रोगाने पहिल्या गटात ३४ जणी गेल्या, दुसऱ्यात ६४.

म्हणजे दुखणे ही बहुधा उशिराची सूचना असते. संत थॉमस अक्वायनस विवेकाला सद्गुण मानतात. देवाने दिलेली बुद्धी बाजूला ठेवून सारा भार त्याच्यावर टाकणे, याला विश्वास कसे म्हणावे?

पण दोष बाईला देऊन आपण मोकळे होऊ नये. दवाखान्यात गेली तर तिचा रोज बुडतो, घरचा स्वयंपाक अडतो, शिवाय लाज वाटते. म्हणून खरा प्रश्न नवऱ्यांना आणि मुलांना आहे: तो एक दिवस आपण तिला देतो का?

मिश्री, तंबाखू, गुटखा आपण सोडू. तोंडातला बरा न होणारा चट्टा, छातीतली गाठ लगेच दाखवू. तिशी ओलांडलेल्या आईबहिणींना तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात स्वतः घेऊन जाऊ. देव राखतो खरा. पण पुष्कळदा तो आपल्याच हातांनी राखतो.

आपले धर्मगुरू